धनुष्य घेऊन स्कॉटलंडला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे हरणाला शेपूट शिवलं.

हरीण स्पंजाचं. जुन्या सोफ्याच्या गाद्या कापून मी ते केलं होतं आणि मागच्या अंगणात भिंतीपुढे उभं करून त्याच्यावर बाण मारायचा सराव करत होतो. शेपूट नव्हतं. मी म्हटलं, शेपटीला कोण बाण मारतंय, राहू दे. माझी बायको इंदू म्हणाली, "बिनशेपटाच्या जनावरावर हात बसला, तर खरं हरीण बघून गोंधळाल तुम्ही." तिने माझा एक तपकिरी लोकरीचा मोजा घेतला, त्यात चिंध्या कोंबल्या, मी हरणाचं बूड धरून ठेवलं आणि तिने दाभणाने शेपूट शिवलं. शेजारचा विन्स्टन कुंपणावरून बघत होता. काय चाललंय म्हणून त्याने विचारलं, तर ही म्हणाली, ऑपरेशन. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम केलेली बाई, तिला तो शब्द शोभायचा. मग आम्ही चहा घेतला, तिने कप विसळले. चार दिवसांनी ती गेली, झोपेतच. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. मंडळाच्या अंकासाठी प्रवासाचं लिहून द्या असं मला सांगितलंय, तर प्रवासाचंच लिहितो.

तयारी

या सगळ्याचं मूळ टीव्हीत आहे. बर्मिंगहॅमच्या लोखंड ओतायच्या फाउंड्रीतून मी रिटायर झालो आणि खुर्चीत बसलो तो बसलोच. नातवाने टीव्हीला यूट्यूब जोडून दिलं होतं. त्यावर एकदा एक दाढीवाला दिसला. अंगात पालापाचोळ्याच्या रंगाचे कपडे, हातात धनुष्य आणि बोलणं सगळं कुजबुजत. इंदूने त्याचं नाव कुजबुज्या ठेवलं. कुजबुज्या सांगत होता की पश्चिमेच्या डोंगरांत धनुष्याने हरणाची पहिली शिकार करायची असेल, तर तयारी वर्षभर आधी सुरू करा.

इंदूचं माहेर अकोले तालुक्यातलं, डोंगराच्या कुशीतलं. ती लहान असताना गावच्या ठाकरांनी बाणाने भेकर मारलं होतं आणि त्याचा एक वाटा त्यांच्या घरी आला होता. ती चव तिला साठ वर्षं आठवत होती. इथे कितीही चांगलं मटण आणलं तरी जेवून झाल्यावर म्हणायची, बरं आहे, पण भेकर ते भेकर. तर कुजबुज्याला बघून ती मला म्हणाली, "बसून बसून खुर्चीला खड्डा पडलाय. उठा, हे करा."

मी चौथी शिकलेला. माझं इंग्रजी कामापुरतं, म्हणजे फोरमनने शिवी दिली तर कळायची. तेव्हा कुजबुज्या बोलायचा आणि इंदू मला ते मराठीत सांगायची, तीही कुजबुजत. घरात दुसरं कोणी नसायचं. तरी ती का कुजबुजते, हे मी कधी विचारलं नाही.

धनुष्य मिळालं कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तिथे, एका म्हाताऱ्या बाईकडे. तिच्या नवऱ्याचं होतं. इंदूने वही केली. कुजबुज्या सांगेल ते त्यात लिहायची. लोकरीचे मोजे तीन जोड. गुडघ्यावर बसून सराव, रोज वीस मिनिटं. कपडे साबणाशिवाय धुवायचे, कारण हरणाचं नाक फार तिखट. वाऱ्याची दिशा बघायला बारीक पावडर जवळ ठेवायची. तिथे तिने कंसात लिहिलं होतं, रांगोळी चालेल. दोन वर्षं हे चाललं. माझे दंड आयुष्यभर साचे उचललेले, त्यामुळे दोरी खेचणं जड गेलं नाही. वीस पावलांवरून सहातले पाच बाण मी हरणाच्या खांद्यामागे बसवायला लागलो. सहावा विन्स्टनच्या शेडला लागायचा.

पश्चिमेचे डोंगर कुठले, तर आम्ही नकाशा उघडला. या देशाच्या वरच्या अंगाला पश्चिमेकडे डोंगर आहेत, हरणंही आहेत. इंदूने स्कॉटलंडातल्या ओबन गावाच्या अलीकडच्या एका शिकारीच्या इस्टेटीला ईमेल केला. ऑक्टोबरातला हरणाच्या शिकारीचा एक दिवस आणि राहायला कॉटेज, माणसं दोन. कुजबुज्या अमेरिकेतला, त्याचे डोंगर तिकडचे आणि त्याचा कायदाही तिकडचा, हे दोन वर्षांत आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

इंदू मे महिन्यात गेली. बुकिंग तसंच राहिलं. मी ठरवलं, जायचं.

बर्मिंगहॅम ते मँचेस्टर, आणि पुढे

आमची मुलगी रेखा मँचेस्टरला असते. तिचा मुलगा युनिव्हर्सिटीला गेला, नवरा त्याच्या आधीच गेला होता. मेला नाही, नुसता गेला. रेखा इथेच जन्मलेली. मराठी बोलते, पण तिच्या मराठीत बायका आणि पुरुष यांच्यात काही फरक उरलेला नाही. मी एकटा स्कॉटलंडला जातो म्हटल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटा डोंगरावर? नो वे. मी सुट्टी घेतला."

मँचेस्टरपर्यंत मी ट्रेनने गेलो. धनुष्य चादरीत गुंडाळून गाठ मारली होती. समोरच्या बाईने फार मायेने बघितलं आणि विचारलं, सेलो, ते मोठं व्हायोलिन, का? मी म्हटलं, येस. किती वर्षं वाजवता? मी म्हटलं दोन, फक्त गार्डनमध्ये. शेजारी तक्रार करत नाहीत? मी म्हटलं एकच शेजारी आहे, भला माणूस आहे. उतरताना तिने मला थंब्ज अप केला.

पुढचा रस्ता रेखाच्या गाडीने. मोटरवेचं वर्णन करण्यात अर्थ नाही, तुम्ही सगळ्यांनी तो बघितलाय. दुपारी एका सर्व्हिसेसच्या कार पार्कात आम्ही धपाटे खाल्ले. रेखा धपाट्याबरोबर ओट मिल्कची कॉफी पीत होती. ओटचं दूध कसं काढतात हे मी तिला विचारलं, तिने आणखी एक घोट घेतला. तिथेच तिने मूळ विषय काढला.

तेराव्यापासून तिचं एकच चाललं होतं. बर्मिंगहॅमचं घर विका आणि मँचेस्टरला या. तुमचा खोली तयार आहे. मी पाच महिने नाही म्हणत होतो. मला तिच्या घरी काही त्रास नाही, पण बत्तीस वर्षांचं ते घर. इंदूची चप्पल अजून मागच्या दारात आहे. मी तिथे नसलो, तर ती कोणीतरी उचलून ठेवेल. रेखाला वाटतं मी पडेन. खरं सांगायचं तर जुलैत मी बाथरूममध्ये पडलो होतो आणि अर्धा तास फरशीवरच बसून होतो. हे मी तिला सांगितलं नव्हतं. आता अंकात वाचेल.

तर ती म्हणाली, "बाबा, एक डील करू. त्या डोंगरावरून तुम्ही न पडता, कोणाचा हात न धरता खाली आलात, तर मी मँचेस्टरचा नाव परत काढणार नाही. पडलात, तर ख्रिसमसच्या आत पॅकिंग."

मी म्हटलं, "चालेल."

"प्रॉमिस?"

मी हात पुढे केला. तिने मिळवला. तिच्या हाताला धपाट्याचं तेल होतं. मी मनात म्हटलं, पोरी, मी दोन वर्षं गुडघ्यावर बसतोय, तुला काय माहीत. पण उजवा गुडघा काय करेल, हे मलाही माहीत नव्हतं.

ओबनच्या अलीकडे

कॉटेज तळ्याकाठी. तळ्याला तिथे लोख म्हणतात आणि ते इतकं लांब आहे की दुसरं टोक दिसत नाही. डोंगर आमच्या सह्याद्रीसारखे कातीव नाहीत. गोलसर, उघडे, झाड नाही, आणि त्या दिवसांत सगळं गवत वाळक्या बाजरीच्या रंगाचं. मला वाटलं होतं घनदाट जंगल असेल. उघड्या डोंगरावर हरीण लपणार कुठे आणि मी लपणार कुठे, अशी पहिली काळजी पडली.

संध्याकाळी कसलातरी आवाज यायला लागला. बैलाच्या घशात भोपळा अडकावा तसा. रेखा म्हणाली गाय असेल. कॉटेजची मालकीण म्हणाली, हे नर हरीण. ऑक्टोबरात माद्यांसाठी ओरडतात, आठवडे आठवडे जेवत नाहीत, नुसते ओरडतात. मी म्हटलं, आमच्याकडचे नर जेवून ओरडतात. रेखाने तेवढंच भाषांतर केलं नाही.

सकाळी मालकिणीने न्याहारीला हॅगिस दिलं. मेंढीचं आतलं सगळं बारीक करून, मसाला घालून शिजवतात. रेखाने नाक मुरडलं. मी खाल्लं. आमच्याकडची वजडीच ती, फक्त तिखट विसरलेली. मी डब्यातून लसणाची चटणी काढली आणि वर टाकली. मालकिणीने चव घेतली, पाणी प्यायली, परत चव घेतली.

नऊ वाजता इश्बेल आली. इस्टेटीवर हरणांची राखण आणि शिकार दोन्ही हीच बघते. पन्नाशीची बाई, माझ्यापेक्षा रुंद खांदे, पायात गुडघ्यापर्यंत बूट, मागे काळं कुत्रं. सामान बघू म्हणाली. मी अभिमानाने डिकी उघडली. तिने चादरीची गाठ सोडली, धनुष्य बघितलं आणि गाठ होती तशी परत मारली. मग रेखाला म्हणाली, तुझ्या वडिलांना विचार हे कशासाठी आणलंय.

मी म्हटलं, हरणासाठी.

तेव्हा आम्हाला कळलं की या देशात धनुष्याने हरीण मारणं गुन्हा आहे. आज नाही, कित्येक वर्षांपासून. घरच्या अंगणात स्पंजाला हवे तितके बाण मारा, पण जिवंत हरणाला एक मारलात तर पोलीस येतील आणि त्यांना इश्बेल स्वतः बोलावेल. हे तिने हसत सांगितलं, पण तिचे डोळे हसत नव्हते.

रेखा माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही चेक केला नाही?"

"तुझ्या आईने केलं होतं."

"आईने कोणाला विचारला?"

मी म्हटलं, "कुजबुज्याला."

तिला कुजबुज्या माहीत होता. आईने फोनवर सांगितलं होतं. रेखा हसायला लागली. गाडीला टेकून हसली, मग खाली दगडावर बसून हसली, डोळे पुसत होती आणि म्हणत होती, टू इयर्स बाबा, टू इयर्स. मे महिन्यानंतर मी तिला हसताना पहिल्यांदा बघत होतो. इश्बेलला काही कळत नव्हतं, तरी तीही हसायला लागली. मी हसलो नाही. माझा अपमान झाला होता.

इश्बेल म्हणाली, बंदूक देते, आधी लोखंडी पाटीवर मारून दाखवा, मग नेते. मी नाही म्हटलं. बंदुकीचं माझं आणि इंदूचं काही ठरलं नव्हतं. मग ती म्हणाली, कळप फार वाढू नये म्हणून मला आज एक नर काढायचाच आहे. एवढ्या लांब आलात, तर नुसते मागे मागे चला आणि बघा. धनुष्य तिने तिच्या बंदुकीच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं आणि मला कागदावर पावती लिहून दिली. एक धनुष्य, सहा बाण, एक चादर.

डोंगर

चढायच्या आधी इश्बेलने मला वारा विचारला. मी खिशातून रांगोळीची पुडी काढली आणि चिमूट सोडली. पांढरी रेघ हवेतून पूर्वेकडे गेली. इश्बेल स्वतः गवताची काडी उडवते. मी तिला अर्धी पुडी दिली. मग ती जवळ आली, नाक फुगवलं आणि रेखाला म्हणाली, तुझ्या वडिलांच्या अंगाला हा वास कसला?

तीन आठवडे कपडे मी साबणाशिवाय धुतले होते. वहीत लिहिल्याप्रमाणे ते बाहेर वाळवले, पाल्यात बांधून ठेवले. आणि सकाळी निघताना, डोंगरावर भूक लागेल म्हणून, लसणाच्या चटणीचा डबा कोटाच्या आतल्या खिशात टाकला होता. झाकण सैल होतं. इश्बेल म्हणाली, ओबनमधल्या हरणांनासुद्धा कळलंय की तुम्ही आलात. कोट गाडीत राहिला. तिने तिच्या नवऱ्याचा ट्वीडचा कोट दिला. त्याला कुत्र्याचा, तंबाखूचा आणि मेंढीचा वास होता, पण तो वास हरणांच्या ओळखीचा.

तीन तास चढलो. वरून नुसतं गवत दिसतं, आत सगळी दलदल. पाय टाकला की घोट्यापर्यंत थंड पाणी. रेखा माझ्या बरोबर मागे, दोन्ही हात थोडे पुढे करून, मी कधी पडतोय याची वाट बघत. मी म्हटलं, "तू माझी सावली आहेस का शत्रू?" ती म्हणाली, "आज दोन्ही." गुडघा दुखत होता. काठी मी घेतली नव्हती, कारण काठी म्हणजे कोणाचा हात धरल्यासारखं आहे असं ती म्हणाली असती. दम लागला की मी थांबून लांब बघायचो आणि काय सुंदर डोंगर आहे म्हणायचो. असे बरेच सुंदर डोंगर मी बघितले.

वरच्या एका खोलगट जागी मोठा धोंडा होता. तिथे इश्बेलने रेखाला आणि कुत्र्याला बसवलं. हलू नका, बोलू नका. पुढचं अंतर आम्ही दोघांनी पोटावर सरपटत काढलं. आधी ती, मागे मी, तोंडापुढे तिच्या बुटाचे तळवे. ओढ्याच्या घळीतून, चिखलातून, नाकात पाणी. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी रांगत होतो. एक गोष्ट मात्र लक्षात आली. मला ते जमत होतं. जिथे ती थांबेल तिथे मी थांबत होतो, आणि माझा आवाज होत नव्हता.

एका उंचवट्याआड ती थांबली आणि हात मागे करून मला बोलावलं. मी तिच्या शेजारी जाऊन डोकं वर केलं, पापणीएवढं.

समोर नर उभा होता. कुजबुज्याने जवळून दाखवलेलं असतं, पण पडद्यावर वास नसतो. ओल्या घोंगडीचा आणि माजाचा वास येत होता. शिंगांना चिखल आणि गवत लागलेलं. मान लांब करून तो ओरडला तेव्हा तोंडातून वाफ निघाली आणि माझ्या छातीखालची जमीन हलली. त्याच्यापुढे एक मादी चरत होती, म्हणून इश्बेल गोळी मारू शकत नव्हती. तिने बोट ओठांवर ठेवलं. थांबलो.

मी अंतर मोजलं. मोजायची गरजच नव्हती. अंगणातल्या मागच्या दारापासून भिंतीपर्यंत असतं तेवढंच. वीस पावलं. शेपूट आखूड होतं. इंदूने शिवलेलं दुपटीने लांब. तेवढ्यात त्याने खांदा आमच्याकडे फिरवला. माझा डावा हात आपोआप पुढे गेला आणि उजव्या हाताची तीन बोटं वाकून हनुवटीपाशी आली. हातात काही नव्हतं. इश्बेल माझ्याकडे बघत होती. मी तसाच राहिलो, श्वास धरून, जेवढा वेळ धरता आला तेवढा. मग बोटं उघडली.

मला वाटलं होतं की रडायला येईल, नाहीतर राग तरी येईल. तसं काही झालं नाही. एवढंच वाटलं की जमलं असतं. हे कोणाला तरी सांगावं म्हणून मी तोंड वळवलं, तर शेजारी इश्बेल.

मादी दोन पावलं सरकली. इश्बेलने बंदुकीला गाल लावला. आणि खालून रेखाची किंकाळी आली.

नर कुठे गेला ते दिसलंसुद्धा नाही. सबंध डोंगर रिकामा झाला. इश्बेलने एक शब्द उच्चारला. तो फाउंड्रीतल्या फोरमनचा आवडता होता, मला कळला.

धोंड्यापाशी

रेखा धोंड्यावर चढली होती, आमचा फोटो काढायला. ओला दगड, घसरली. डावा पाय बरा होता, उजवा घोटा डोळ्यांदेखत सुजत होता. इश्बेलने तपासला, तुटला नसेल म्हणाली, पण चालता येणार नाही. आठ चाकांची चिखलातली गाडी आणायला ती खाली गेली. दीड तास लागेल म्हणाली. कुत्रं आमच्यापाशी ठेवून गेली.

मी माझा मफलर रेखाच्या घोट्याला बांधला. ती म्हणाली, "बाबा, मी हरले."

मी म्हटलं, "अजून मला खाली जायचंय."

"तुम्ही जाल. मला माहिती आहे. तुम्ही बकरीसारखा चढलात."

मग तिने मान खाली घातली. मला वाटलं पाय दुखतोय. ती म्हणाली, "आई रोज सात वाजता फोन करायची. ऑफिसमधून आले की लगेच. काय जेवलीस, बस. दोन मिनिटं. आता सात वाजतात आणि मी किचनमध्ये फोन घेऊन उभी राहते."

"मग तू करायचास."

"मी करते, बाबा. रोज करते. तुम्ही उचलत नाही."

हे खरं आहे. फोन वाजतो. तो इंदूचा फोन. बत्तीस वर्षांत मी तो उचलला नाही, कारण माझ्यासाठी कोणी करायचंच नाही. ती गेल्यावर वाजला तरी मी बसून ऐकायचो, वाजून बंद व्हायचा. पलीकडे कोण असेल, हा विचार कधी केला नाही. सात वाजता वाजतोय, एवढं लक्षात आलं होतं.

मी तिला हे सांगितलं नाही. मी म्हटलं, "तुझ्या आईला विचारायचं असायचं काय जेवलीस. मला विचारता येत नाही तसं."

ती म्हणाली, "तुम्ही नुसता हॅलो म्हणा ना. मी सांगेन काय जेवले."

कुत्र्याने येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. एकदा पलीकडच्या कड्यावरून तोच नर ओरडला. रेखा म्हणाली, "सॉरी, सॉरी," त्याला.

गाडी आली. इश्बेलने मला बस म्हटलं, मी नाही बसलो. रेखा गाडीत, मी पायी. दोन तास लागले. शेवटच्या उतारावर मी आडवी पावलं टाकत उतरलो, पण कशाला धरलं नाही. खाली रेखा गाडीत पाय वर करून बसली होती. तिने घड्याळ बघितलं, माझे दोन्ही तळहात उलटेसुलटे तपासले, चिखल सरपटल्याचा आहे की पडल्याचा ते इश्बेलला विचारलं आणि म्हणाली, "ओके. बर्मिंगहॅम."

ओबनच्या हॉस्पिटलात घोट्याचा फोटो काढला. हाड शाबूत, पण काही आठवडे गाडी चालवायची नाही आणि पाय खाली सोडून बसायचं नाही. इश्बेलने धनुष्य परत दिलं, पावती परत घेतली आणि तिच्या शीतगृहातलं हरणाचं दोन किलो मांस बांधून दिलं. तिच्या हातून आज एक नर सुटला होता, तरी तिने तोंड वाकडं केलं नाही. जाताना एवढंच म्हणाली की वीस पावलांपर्यंत मी पाहुण्यांना नेत नाही, ते आवाज करतात.

संध्याकाळी मी कॉटेजच्या किचनमध्ये मांस शिजवलं. कांदा, लसूण, आमच्या घरचा मसाला. रेखा सोफ्यावरून सूचना देत होती, तिला स्वतःला काही येत नाही. तिने दोनदा घेतलं. चांगलं झालं होतं. भेकरासारखं झालं होतं का, हे सांगणारं कोणी नव्हतं.

जेवण झाल्यावर तिने सगळं ठरवलं. फोनवरून एका दिवसापुरता माझ्या नावाने गाडीचा इन्शुरन्स काढला. गाडी मी चालवायची, थेट बर्मिंगहॅमला. तिची एक मैत्रीण ट्रेनने तिथे येईल आणि तिला व गाडीला मँचेस्टरला घेऊन जाईल. मी विचारलं, आणि घरी जिना कोण चढवणार तुला? ती म्हणाली, बसून बसून चढेन, मागच्या मागे. हरले म्हणजे हरले, परत नाव काढणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी

सहाला उठलो. सामान भरलं. रेखाला धरून मागच्या सीटवर आडवं केलं, पायाखाली उशी दिली. तिने नकाशाच्या यंत्रात माझा पत्ता घातला. तिची गाडी ऑटोमॅटिक आहे. माझा डावा पाय ग्लासगोपर्यंत क्लच शोधत होता. रेखा मागून म्हणत होती, बाबा, स्पीड, बाबा, लेन, बाबा, तो लॉरी. मी म्हटलं, तो लॉरी नाही, ती लॉरी. ती म्हणाली, कोणीही असू दे, ब्रेक लावा. इंदू गेल्यापासून मी दुकानापलीकडे गाडी नेली नव्हती. सीमा ओलांडून इंग्लंडात शिरलो तेव्हा तिचं बोलणं कमी झालं. गोळीने तिला झोप लागली होती, तोंड उघडं, लहानपणी लागायची तशी.

प्रेस्टन मागे पडलं तेव्हा बारा वाजायचे होते. थोडं पुढे निळी पाटी आली. सरळ बर्मिंगहॅम, डाव्या हाताला मँचेस्टर. यंत्रातली बाई म्हणाली, सरळ चला. मी आरशात मागे बघितलं. रेखा झोपलेलीच होती, म्हणजे मला काही सांगणारं कोणी नव्हतं. मी इंडिकेटर दिला आणि डावीकडे घेतली. यंत्रातली बाई गाडी वळवा, गाडी वळवा म्हणायला लागली. रेखा जागी होईल म्हणून मी हात पुढे केला आणि यंत्राचा आवाज बंद केला.